चावी मिळाल्यानंतरचा प्रश्न

मे २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. ‘माझे घर, माझे अधिकार’ हे त्याचे नाव आणि २०३० पर्यंत ३५ लाख घरे हे उद्दिष्ट. तेव्हापासून वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर जो वाद चालला आहे, तो ऐकून मला खंत वाटते, कारण तो पन्नास वर्षांपूर्वी होता त्याच जागी उभा आहे. एक बाजू म्हणते, चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर बांधता येणारी जागा, वाढवून द्या, परवानग्या सोप्या करा, बिल्डर भरपूर बांधतील आणि किमती उतरतील. दुसरी बाजू म्हणते, बिल्डरला बाजूला करा, म्हाडाने बांधावे, लॉटरी काढावी आणि स्वस्तात द्यावे. दोघेही बोलतात ते बांधकामाबद्दल. चावी हातात पडल्यावर पुढच्या वीस वर्षांत त्या घराचे काय होते, हे मात्र कुणी विचारत नाही. आज एखाद्या शिपायाला किंवा परिचारिकेला सवलतीत मिळालेले घर तिने उद्या बाजारभावाने विकले, तर पुढच्या परिचारिकेने कुठे राहायचे? आपण पुन्हा जमीन शोधायची, पुन्हा अनुदान द्यायचे, पुन्हा लॉटरी काढायची? आणि जमीन संपल्यावर काय?

घर परवडणारे बांधता येते, पण ते परवडणारे राखावे लागते, असे माझे म्हणणे आहे. हे राखण्याचे काम बाजार करणार नाही, कारण किंमत वाढण्यातच त्याचे हित आहे. सरकारी खात्याला ते जमत नाही, कारण वाटप झाले की फाइल बंद होते. तिथे राहणाऱ्यांच्या संस्थेला ते जमू शकते, पण एका अटीवर. जमीन कायम संस्थेची किंवा सार्वजनिक मालकीची राहिली पाहिजे आणि घर सोडून जाणाऱ्याच्या नफ्याला आधीच ठरवलेली मर्यादा हवी. सहकारी घरबांधणीचे कौतुक करणारेही ही अट सांगायला कचरतात. ती गाळली तर सहकाराचे फक्त नाव उरते.

ही कल्पना काही परदेशातून आणायला नको. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, चाळींतल्या हवा-उजेड नसलेल्या खोल्यांची दशा सगळ्यांना दिसली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, दादर-माटुंग्याला भूखंड आखले. घर म्हणजे घरमालक आणि भाडेकरू, आणि अधूनमधून सरकार, एवढेच तेव्हाचे जग होते. त्या जगात १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. आशियातली पहिली म्हणून तिचे नाव घेतले जाते. ती ज्या पद्धतीवर उभी होती तिचा गाभा साधा होता. इमारत संस्थेची. सभासदाने संस्थेचे भाग (शेअर) घ्यायचे आणि ठरलेल्या भाड्याने राहायचे. भाडेकरू तोच आणि मालकांपैकी एक मालकही तोच. त्याला घरमालक हाकलू शकत नव्हता, आणि ती खोली विकून त्याला श्रीमंतही होता येत नव्हते.

पुढे काय झाले? १९६३ च्या मोफा कायद्याने बिल्डरवर बंधन घातले की फ्लॅट विकल्यावर खरेदीदारांची संस्था नोंदवून द्यायची. ग्राहकाच्या संरक्षणासाठी ते आवश्यकच होते. पण क्रम उलटला. आधी माणसे एकत्र येऊन घर बांधत. आता आधी घर विकले जाते आणि मग माणसांना संस्थेत गोळा केले जाते. आज ‘सोसायटी’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो वॉचमन, मेंटेनन्सचे बिल आणि पार्किंगवरून होणारे भांडण. आमच्या वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही; नियमाप्रमाणे अर्धा तास थांबायचे आणि आहेत तेवढ्या डोक्यांवर सभा उरकायची. कमिटीत यायला कुणी तयार नसते. याचा मला मनापासून सल आहे, कारण कपाटातल्या भाग-दाखल्यावर अजूनही तोच जुना करार छापलेला असतो: पन्नास रुपयांचे पाच भाग. दीड कोटीला विकल्या जाणाऱ्या फ्लॅटमागे संस्थेतले सभासदाचे भांडवल आहे अडीचशे रुपये. कागदावर आपण अजून एकमेकांचे भागीदार आहोत.

या वाटेवरचे मुंबईतले दोन मोठे प्रयत्न मुद्दाम आठवावेत असे आहेत. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने शहरातली मर्यादेबाहेरची जमीन सरकारला घेता येणार होती. घेतली गेली ती थोडी आणि सवलत देऊन सोडली गेली ती फार. मृणालताई गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद काढून नेमक्या याच जागी बोट ठेवले. कायदा गरिबांच्या घरांसाठी आहे, तर जमीन त्यांना द्या. न्यायालयात, रस्त्यावर आणि मंत्रालयात वर्षानुवर्षे झगडून गोरेगावच्या दिंडोशीत सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. ज्यांना मुंबई सोडून जावे लागले असते अशी ही कारकून, शिक्षक, कामगारांची कुटुंबे होती. दुसरा प्रयत्न चारकोप-गोराईचा. १९८५ पासून जागतिक बँकेच्या मदतीने तिथे छोटे भूखंड, रस्ता, पाणी आणि गटार एवढे देऊन घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे वाढवत न्यायचे, अशी योजना राबवली गेली. शेजारची तीसेक कुटुंबे मिळून एक संस्था, मध्ये सामाईक अंगण. आज तिथे गेलात तर दिसते की माणसांनी काय सुरेख वस्ती घडवली आहे. एका खोलीवर दुसरी चढली, खाली पिठाची गिरणी आली, अंगणात झाड वाढले. कुठल्या वास्तुविशारदाला एका फटक्यात हे रेखाटता आले नसते.

आणि तरीही आज दिंडोशीतला फ्लॅट किंवा चारकोपचे बैठे घर मुंबईत नव्याने आलेल्या कामगाराला परवडते का? नाही. त्या पिढीचा प्रश्न सुटला, घर मात्र बाजारात गेले. मृणालताईंच्या कामाला यात कमीपणा नाही. त्यांनी लढून मिळवले ते मिळवलेच. पण एवढ्या झगड्याने मिळालेली जमीन एका पिढीनंतर पुन्हा बाजाराच्याच हाती जावी, हे आपण इतक्या सहज का स्वीकारतो? २००७ मध्ये राज्याने तो कमाल धारणा कायदाही रद्द केला. म्हणजे तसा दुसरा लढा लढायचा म्हटले तर बोट ठेवायला आज कायदाच नाही.

मुंबईबाहेरचे उदाहरण तर याहून मोठे, आणि मराठी वाचकांना त्याची पुरेशी ओळख नाही याचे मला नेहमी नवल वाटते. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. त्यांतल्या पुष्कळशा तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबांतल्या. गिरण्या बंद पडल्यावर घरातल्या पुरुषाची नोकरी गेली तरी विडीची पाटी चालू राहिली. त्यांच्यासाठी घर म्हणजेच कारखाना: पान भिजवायचे इथे, कापायचे इथे, तंबाखूची धूळ मुलांच्या ताटाशेजारी. कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम, ज्यांना शहर आडम मास्तर म्हणून ओळखते, यांनी या बायकांची सहकारी संस्था बांधली. तिला नाव दिले गोदावरी परुळेकरांचे, वारल्यांच्या लढ्यातल्या गोदूताईंचे. सोलापूरजवळच्या कुंभारीला दहा हजार घरे झाली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले. खर्च केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार बाई यांनी वाटून घेतला होता. मग त्याच परिसरात त्याच चळवळीने असंघटित कामगारांसाठी रे नगर हा ३० हजार घरांचा प्रकल्प हाती घेतला. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान आणि तिसऱ्याच पक्षाचा झुंजार कामगार पुढारी. बिल्डर कुठेच नाही.

‘सामुदायिक प्रयत्न गोड असतात पण छोटे असतात’ हा नेहमीचा आक्षेप कुंभारीच्या माळावर टिकत नाही. तरी त्यामागचा खरा भाग मी मान्य करतो. हे घडायला दशके लागली. त्यासाठी सकाळ-संध्याकाळ तेच काम करणारा पुढारी आणि मोर्चाला उतरणारी संघटना लागली. वस्ती शहराबाहेर आहे. बस, पाणी, दवाखाना यांसाठी तिथल्या लोकांना पुन्हा झगडावे लागते. सगळ्याच शहरांना आडम मास्तर मिळणार नाहीत. मग या मार्गावर धोरण कसे उभारायचे?

इथे मला प्रवरानगर आठवते. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा तोही एका गावाचा, थोड्या झपाटलेल्या माणसांचा उद्योग होता. पुढच्या तीन-चार दशकांत महाराष्ट्रभर असे कारखाने झाले ते प्रत्येक तालुक्यात विखे पाटील जन्मले म्हणून का? सरकारने भागभांडवलात वाटा उचलला, कर्जाला हमी दिली, परवाने देताना सहकाराला झुकते माप दिले आणि नमुना म्हणून समोर एक चालता कारखाना होता, म्हणून झाले. गृहनिर्माण सहकाराला यातले काय मिळाले? जमीन नाही, हमी नाही. बँक बिल्डरला कर्ज देते आणि तयार फ्लॅट घेणाऱ्यालाही देते. पण घर बांधू पाहणाऱ्या पन्नास कुटुंबांच्या संस्थेला तारण विचारते. स्पर्धेत धावू न दिलेल्या मुलाला ‘तू हळू धावतोस’ म्हणण्यासारखे हे आहे.

प्रवरेचे नाव काढले की लगेच दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त बोचरा आहे. सहकाराचे महाराष्ट्रात काय झाले ते आम्हाला माहीत आहे, असे लोक म्हणतात. कारखाने घराण्यांच्या ताब्यात गेले, कित्येक आजारी पाडून खासगी मालकांना विकले गेले, ठेवीदारांचे पैसे बँकांत बुडाले. आणि घरांत? कुलाब्याची ‘आदर्श’ ही सहकारी गृहनिर्माण संस्थाच होती की. ३१ मजले, लष्करातल्या माणसांच्या नावाने सुरुवात, आणि २०१० मध्ये ते प्रकरण उघड झाले तेव्हा मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. यापुढे आणखी एक सल जोडायला हवा. गावदेवीची संस्था सारस्वतांची होती. सहकारी वसाहतींचा आपला इतिहास बहुतांशी जातीच्या आणि धर्माच्या वसाहतींचा आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा हक्क मान्य केला. ‘समुदाय’ या गोड शब्दात दार लावून घेण्याची ताकदही असते. मुंबई-पुण्यात घर शोधणाऱ्या मुसलमान किंवा दलित तरुणाला, मांसाहारी कुटुंबाला किंवा एकट्या बाईला ते कुणी सांगायला नको.

हे सगळे खरे आहे. पण नीट पाहिले तर या दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच आहे. ‘आदर्श’मध्ये हाव कशाची होती? राहायला जागा नव्हती म्हणून कुणी तिथे घुसले नाही. सवलतीतली सरकारी जागा उद्या बाजारभावाने आपली होणार, त्यातल्या फरकाची ती हाव होती. तो फरक मिळणारच नसेल, घर सोडताना ठरलेलीच रक्कम हातात पडणार असेल, तर बनावट सभासद होण्याचा खटाटोप कोण करील? साखर कारखान्यांतही पडझड झाली ती मालमत्ता विकून खासगी करण्याची वाट उघडी राहिली तिथे. नफा रोखणारे कुलूप हे भ्रष्टाचारावरचे औषधही आहे. राहिली दार बंद करण्याची गोष्ट. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या जमिनीवर कुणी काय करावे हा वेगळा वाद आहे, पण सार्वजनिक जमीन किंवा सार्वजनिक पैसा घेणाऱ्या संस्थेने सभासदांची यादी खुली ठेवलीच पाहिजे. सरकारी जमिनीवरच्या संस्थांत मागासवर्गीयांसाठी वीस टक्के जागा ठेवण्याचा नियम आपल्याकडे आधीच आहे. तो पाळला जातो की नाही हे तपासणारी यंत्रणा बळकट करणे आणि प्रतीक्षायादी संस्थेच्या कपाटात न ठेवता चव्हाट्यावर लावणे, एवढे तरी उद्यापासून करता येते.

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो मला कित्येक दिवस छळत होता. दादर-पार्ल्याच्या मध्यमवर्गीयाने १९७० मध्ये स्वस्तात घेतलेले घर विकले, त्यातून मुले अमेरिकेला शिकली, म्हातारपण सुखात गेले. त्याला कुणी विचारले नाही की नफा का घेतलास? मग सोलापूरच्या विडी कामगार बाईने किंवा मानखुर्दच्या हातगाडीवाल्यानेच नफ्यावर पाणी का सोडायचे? गरिबाच्या हाती आयुष्यात एकदा मालमत्ता येते; मुलीचे लग्न, नवऱ्याचे आजारपण, मुलाचे शिक्षण, यासाठी तीच एक गंगाजळी. तिच्यावर कुलूप घालणारे तुम्ही कोण?

याला माझे उत्तर असे. एक तर कुलूप म्हणजे सगळा नफा काढून घेणे नव्हे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन या छोट्या शहरात १९८४ पासून जमीन-न्यास चालतो. जमीन न्यासाची, घर कुटुंबाचे. घर विकताना कुटुंबाला त्याने घातलेले पैसे परत मिळतात आणि वाढलेल्या किमतीचा पाव हिस्सा मिळतो. उरलेला पाऊण हिस्सा घरातच राहतो, म्हणून पुढच्या कुटुंबाला ते घर स्वस्त पडते. भाड्याच्या खोलीत वीस वर्षे काढणाऱ्याच्या हाती शेवटी शून्य येते. इथे दोन पैसे आणि वीस वर्षांची निश्चिंती दोन्ही येतात. दुसरे, ही किंमत वाढली कशाने? मेट्रो आली, पूल झाला, शेजारी इस्पितळ उभे राहिले. ती वाढ शहराने निर्माण केली. आपल्या महसूल कायद्याच्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे: अनर्जित उत्पन्न. सरकारी जमिनीवरचे घर हस्तांतरित होताना त्यातला वाटा सरकारकडे भरायचा ही पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. म्हणजे तत्त्व आपण कधीच मान्य केलेले आहे. आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: हे बंधन गरिबापासून सुरू करू नका. मुंबईत सनदी अधिकारी, आमदार, न्यायाधीश यांच्या संस्थांना सवलतीच्या दराने सरकारी जमिनी मिळालेल्या आहेत. पहिले कुलूप तिथे लागू द्या. मग विडी कामगाराच्या दारात जाऊन बोलण्याचा आपल्याला तोंडभर अधिकार येईल.

होते आहे ते नेमके उलटे. सरकारने कब्जेहक्काने किंवा भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनी, म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत भोगवटादार वर्ग-२, अधिमूल्य भरून वर्ग-१, म्हणजे विनाअट मालकीच्या, करून घेण्याचे नियम २०१९ मध्ये आले. हस्तांतराच्या परवानगीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात माराव्या लागणाऱ्या खेपा पाहता रहिवाशांना यात दिलासा वाटतो, आणि तो त्रास खोटा नाही. पण त्रास कागदपत्रांचा होता. आपण इलाज म्हणून जमीनच सोडून दिली. एकरकमी पैसे घेऊन राज्याने आपला कायमचा हक्क सोडला आणि उद्याच्या परवडणाऱ्या घरांचा पायाही. या बदलावर विधानसभेत आणि बाहेर जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली का?

विनोबांची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९५१ साली पोचमपल्लीला भूदान सुरू झाले. मग त्यातून ग्रामदान निघाले, म्हणजे जमिनीची मालकी गावाची आणि कसण्याचा हक्क कुटुंबाचा. आपण ती चळवळ अयशस्वी ठरवून पाठ्यपुस्तकात ठेवून दिली. अमेरिकेतल्या जॉर्जियात मात्र नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी १९६९ साली ‘न्यू कम्युनिटीज’ नावाने कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी सामाईक जमीन घेतली, आणि त्यांच्या प्रेरणांपैकी एक ग्रामदान होती. ते शेत पुढे कर्जात बुडाले, पण कल्पना बुडाली नाही. बर्लिंग्टनचा न्यास त्याच वंशातला. गागोद्यात जन्मलेल्या माणसाचा विचार सातासमुद्रापार शहरी घरांच्या कामी आला आणि त्याच्याच महाराष्ट्रात शहराच्या घरांबद्दल बोलताना त्याचे नावही निघत नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये ग्रामदानाच्या कायद्याखाली जमिनी ग्रामसभेच्या केल्या, तेव्हा आपण तिकडे आदिवासी गावाची आगळी गोष्ट म्हणून पाहिले. गावाला जे समजले ते शहराच्या विकास आराखड्यात का येऊ नये?

‘हे सगळे आदर्शवादी, माणसाला शेवटी स्वतःच्या नावावरचे घरच हवे असते’ असेही म्हटले जाते. तसे असते तर उरुग्वेत घडले ते घडले नसते. तिथे १९६८ च्या कायद्याने परस्पर-मदतीच्या गृहसंस्थांना मान्यता दिली. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला २१ तास बांधकामावर श्रम द्यायचे, जमीन आणि इमारत संस्थेची, कुटुंबाला वापराचा हक्क. तो हक्क मुलांकडे जातो, बाजारात विकता येत नाही. लष्करी राजवटीने १९८३ मध्ये या संस्था मोडून घरे सक्तीने वैयक्तिक मालकीची करायचा घाट घातला. म्हणजे सरकार ‘घर तुमच्या नावावर करतो’ म्हणत होते! सभासदांनी नकार दिला. संस्थांच्या महासंघाने फेब्रुवारी १९८४ मध्ये हुकूमशाही चालू असताना एका दिवसात तीन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. सगळा देश जेमतेम तीस लाखांचा. ज्यांनी स्वतः विटा वाहिल्या होत्या त्यांना मालकी म्हणजे काय ते पुरते कळले होते. आणि हे केवळ गरीब देशांचे नाही. झुरिकसारख्या महागड्या शहरात २०११ च्या सार्वमतात सुमारे ७६ टक्के मतदारांनी ठरवले की २०५० पर्यंत भाड्याच्या घरांपैकी एक तृतीयांश ना-नफा तत्त्वावरची असावीत.

आपल्याकडच्या गरीब माणसांना एवढी समज किंवा सवड नाही असे कुणाला वाटत असेल तर त्याने भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांची गोष्ट जाणून घ्यावी. १९८५ मध्ये फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण फुटपाथ रिकामे करण्याची पालिकेला मुभाही दिली. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी केली, आणि पुढे या बायकांच्या ‘महिला मिलन’ने रोज रुपया-दोन रुपये बचत सुरू केली. जॉकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासीयांच्या महासंघासोबत काम करून याच चळवळीने धारावीत स्वतःच्या इमारती बांधल्या. खोलीची उंची चौदा फूट, म्हणजे पोटमाळा घालता येतो. एकाच खोलीत रात्री कोण कुठे झोपणार हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी सुचवलेली ही गोष्ट. १९९५ पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मात्र राहणाऱ्यांची संस्था बहुधा बिल्डरच जमवतो. संमतीचे कागद गोळा झाले की तिचे काम संपते. पाच वर्षांत आठ लाख घरे असे तेव्हा सांगितले होते. तीन दशकांनी आपण निम्म्यापर्यंतही पोचलेलो नाही, आणि पूर्ण झालेल्या कित्येक इमारतींमधून मूळ माणसे लिफ्टच्या बिलाला घाबरून पुन्हा झोपडीत गेली.

अलीकडे स्वयंपुनर्विकासाचा बोलबाला आहे, आणि चंद्रशेखर प्रभूंसारखे वास्तुविशारद अनेक वर्षे त्यासाठी झटत आले आहेत. जुन्या इमारतीच्या सभासदांनी बिल्डर न नेमता स्वतः कंत्राटदार नेमायचा आणि बिल्डरचा नफा मोठ्या घरांच्या रूपाने आपल्यात वाटून घ्यायचा. मी याचा पाठीराखा आहे. पण इथेही मला थांबून विचारावेसे वाटते, यातून बाहेरच्या एका तरी माणसाला परवडणारे घर मिळाले का? जास्तीचे फ्लॅट बाजारभावानेच विकले जातात. वाढीव चटई क्षेत्र हे शहराचे देणे आहे. ते घेणाऱ्या संस्थेने निदान दोन-चार घरे कायम संस्थेच्या नावावर ठेवून माफक भाड्याने द्यावीत, अशी अट स्वयंपुनर्विकासाला २०१९ मध्ये दिलेल्या सवलतींना का जोडली नाही? त्या भाड्यातून लिफ्टचा आणि रंगाचा खर्चही निघाला असता.

गिरण्यांच्या सुमारे सहाशे एकर जमिनीचे आपण काय केले ते सगळ्यांसमोर आहे. १९९१ च्या नियमात एक तृतीयांश मोकळी जागा, एक तृतीयांश घरे, एक तृतीयांश मालक असे होते. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या भागापुरती केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. परळच्या संपकरी गिरणी कामगारांना आता मुंबईबाहेरचे शेलू आणि वांगणी दाखवले जाते. बंदराची, रेल्वेची, मिठागरांची जमीन अजून शिल्लक आहे. तिच्यातला थोडा भाग तरी न विकता लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने राहणाऱ्यांच्या संस्थांना द्यावा आणि त्या पट्ट्यातच विक्रीचे सूत्र लिहावे.

कुंभारीच्या पहिल्या दहा हजार घरांना आता दोन दशके होत आहेत. तिथे वाढलेल्या मुली विड्या वळत नाहीत. कुणी पुण्यात नोकरी करते, कुणी हैदराबादला संसार करते. त्यांच्या आयांपैकी कुणाला घर विकून मुलीकडे जायचे असेल, तर ते तिने खुशाल करावे. प्रश्न आहे तो घेणाऱ्याचा: शहरातला एखादा व्यापारी गुंतवणूक म्हणून ती चार घरे एकदम उचलणार, की आज सोलापूरच्या भाड्याच्या खोलीत पाटी मांडीवर घेऊन बसलेली दुसरी बाई? रे नगरमधली घरे अजून नवी आहेत. तिथल्या संस्थांच्या उपविधींत याचे उत्तर लिहून घ्यायचे असेल तर ते आताच लिहावे लागेल, पहिला दलाल दार वाजवण्याआधी.